तांब्याचा तळ

पाण्याचा तांब्या मेजावर ठेवून आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो पाहून काढावयास सांगितले, तर बहुतेक कागदांवर एकच प्रकार दृष्टीस पडतो: तोंड जवळजवळ पूर्ण गोल निघालेले असते आणि तळ मात्र एका आडव्या सरळ रेषेने बंद केलेला असतो. तोंड गोल, कारण त्या तोंडात हात घालून तांब्या घासलेला मुलाने घरी रोज पाहिला आहे आणि त्या गोलपणाविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. तळ सरळ, कारण तांब्या मेजावर निश्चल उभा आहे, आणि जे उभे राहते त्याच्या बुडाशी सपाटी असलीच पाहिजे, हाही त्याचा तितकाच पक्का निष्कर्ष आहे. अशा कागदावर लाल पेन्सिलीने फुली मारणारा ड्रॉइंगमास्तर एक गोष्ट विसरतो, ती ही, की मुलाने तांब्याविषयीची आपली सर्व माहिती अत्यंत इमानाने कागदावर रुजू केलेली आहे. ती त्याच्या डोळ्यांनी त्या क्षणी पुरवलेली नाही, एवढाच काय तो दोष.

या प्रकाराचा शास्त्रीय अभ्यास बराच जुना आहे. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच विद्वानाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या बालचित्रांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की लहान मूल वस्तूचे दृश्य रूप काढीत नाही, तर तिच्याविषयीचे आपले ज्ञान काढते. म्हणूनच त्याच्या चित्रातील घराच्या भिंतीआड बसलेली माणसेही आपणांस स्पष्ट दिसतात. पुढे १९७२ साली फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी याच विचाराची एक सुटसुटीत परीक्षा घेतली. कान असलेला एक पेला त्यांनी मुलांपुढे अशा रीतीने ठेवला, की कान मागच्या बाजूस लपावा आणि पेल्यावरचे फूल मात्र समोर दिसावे. वयाने लहान असलेल्या मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारे फूल गाळले. आठ वर्षांच्या आसपासची व त्यांहून मोठी मुले मात्र कान गाळून फूल काढू लागली होती. ज्या कानावाचून पेला हा पेला म्हणून ओळखू येणार नाही, तो कान गाळावयास मुलाला केवढा निग्रह करावा लागत असेल, याची कल्पना मोठ्या माणसांना सहसा येत नाही.

पाहून चित्र काढणे ही अशी मुख्यतः सोडून देण्याची विद्या आहे, आणि प्रस्तुत प्रकरणात जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ येथेच आहे. वस्तुचित्र आणि अमूर्त चित्र हे दोन परस्परविरुद्ध पंथ आहेत, पहिला कष्टाळू मुलांचा आणि दुसरा मनस्वी मुलांचा, अशी जी समजूत शाळाशाळांतून रूढ आहे, ती मला मान्य नाही. वस्तुचित्रात मूल आपल्याला ठाऊक असलेले सोडून देते आणि दिसणारे ठेवते. अमूर्त चित्रात ते दिसणाऱ्यातीलही पुष्कळसे सोडून एखादाच संबंध ठेवते. पहिला त्याग न करता दुसरा करू पाहणाऱ्या मुलाच्या हाती जे उरते, त्यास बहुधा नक्षीकाम म्हणावे लागते.

तेव्हा आधी तांब्याचाच विचार पुरता करू. आपल्याकडील अनेक प्राथमिक शाळांत मुले सतरंजीवर बसतात आणि मास्तर वस्तू आपल्या उंच मेजावर ठेवतात. त्यामुळे मुलांची दृष्टिरेषा तांब्याच्या खाली पडते, तोंडाच्या आतील पोकळी दिसेनाशी होते, काठाची कड वरच्या बाजूस फुगलेल्या कमानीसारखी दिसते, आणि फळ्यावर मास्तरांनी स्वतः उभे राहून, म्हणजे वरून पाहून काढलेला तांब्या मुलांच्या डोळ्यांपुढील तांब्याशी मुळीच जुळत नाही. मूल अर्थातच फळ्यावर विश्वास ठेवते. त्या दिवशी वर्गात जे शिकवले जाते, ते डोळ्यांवर अविश्वास ठेवण्याचे शिक्षण होय. यावर उपाय साधा आहे: तांब्या सतरंजीच्या मधोमध, एखाद्या पाटावर ठेवावा, मुलांना त्याच्याभोवती वर्तुळाकार बसवावे आणि फळा त्या तासापुरता कोरा ठेवावा. प्रत्येकाला दिसणारा तांब्या निराळा असल्यामुळे शेजाऱ्याचा कागद पाहून काढण्याची सोय आपोआप नाहीशी होते, हा आणखी एक लाभ.

वर्तुळ तिरके पाहिले असता लंबवर्तुळ दिसते, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेण्यात काही हशील नाही. काचेच्या ग्लासात अर्ध्यापर्यंत पाणी भरावे, आणि मुलाने तो दोन्ही हातांनी धरून हळूहळू वर उचलावा. पाण्याचा पृष्ठभाग मांडीजवळ असताना रुंद दिसतो, छातीशी येता येता चपटा होतो, डोळ्यांच्या बरोबर समोर आला की त्याची नुसती एक आडवी रेघ उरते, आणि आणखी वर नेताच तोच पृष्ठभाग खालून दिसू लागतो. हे ज्याने एकदा केले, त्याला तांब्याचा तळ सरळ रेषेने बंद करणे कठीण जाते. एवढेच नव्हे, तर दृष्टिरेषेपासून जो जो खाली जावे तो तो लंबवर्तुळ अधिक उघडते, म्हणजे पाटावरच्या तांब्याचे तोंड जेवढे चपटे त्याहून तळाची वक्रता अधिक, हा मुलांना सर्वांत चमत्कारिक वाटणारा नियमही त्याला स्वतःच सापडतो. राहता राहिली लंबवर्तुळाच्या दोन टोकांशी अणकुचीदार कोपरे करण्याची सवय. ती मात्र सांगून जात नाही. पेन्सिल कागदाला न टेकवता हवेतच आठ-दहा फेरे घ्यावेत आणि त्याच वेगात हलकेच कागदावर उतरावे, एवढे केल्याने ती पुष्कळ सुटते.

वस्तूच्या निवडीसंबंधीही एक गोष्ट येथेच नमूद करतो. स्टेनलेस स्टीलचा चकचकीत तांब्या आरंभी कदापि घेऊ नये. त्यात खिडकी दिसते, दिव्याची नळी दिसते, समोर बसलेली सारी मुले वाकडीतिकडी होऊन दिसतात, आणि छायाप्रकाश शिकावयास बसलेले मूल त्या प्रतिबिंबांच्या गर्दीत हरवते. न घासलेला तांब्याचा तांब्या चालेल, मातीचे सुगड त्याहून उत्तम. त्यावर उजेड एका बाजूने पडला की प्रकाश, अर्धछाया, गडद छाया, आणि जमिनीवरून उलट उडून आलेल्या प्रकाशाने किंचित उजळलेली अगदी कडेची पट्टी, हे सर्व क्रमाने आणि शांतपणे दिसते. ही कडेची उजळ पट्टी मुलांना प्रथम पटत नाही. सावलीची बाजू म्हणजे कडेपर्यंत काळीच असणार, असे त्यांचे ज्ञान पुन्हा आडवे येते.

ज्या साधनाने हे सर्व करावयाचे ते दिसावयास क्षुल्लक असले, तरी त्याच्या मागे युद्धाचा इतिहास आहे. इंग्लंडातील बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात सापडलेले शुद्ध ग्रॅफाइट दीर्घकाळ युरोपभर वापरले जात होते. १७९३ नंतर इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले आणि फ्रान्सला तो माल मिळेनासा झाला, तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, तिच्या कांड्या भट्टीत भाजून पेन्सिल सिद्ध केली आणि १७९५ साली तिची सनद मिळवली. मातीचे प्रमाण वाढवले की कांडी कठीण व फिकी होते, कमी केले की मऊ व काळी. आजच्या ‘एच’ आणि ‘बी’ या श्रेणी त्याच युक्तीवर उभ्या आहेत. लहान मुलांना दप्तरातील एच-बी पेन्सिलीवर सोडून देणे हा काटकसरीचा चुकीचा मार्ग आहे, कारण तिच्यातून पुरेसा काळा रंग निघत नाही आणि मूल तो काढण्यासाठी कागद दाबून फाडते. एक ‘२बी’ आणि एक ‘६बी’ एवढी तरतूद पुरे. टोक शार्पनरने न काढता पात्याने लांब काढावे, आणि ते काम मास्तरांनी करावे. लांब टोक आडवे धरले की रुंद छाया पडते, उभे धरले की बारीक रेघ निघते. छाया बोटाने पुसून गुळगुळीत करण्यास मात्र सक्त मनाई असावी. त्या पुसण्याने कागद मळतो, आणि रेषांनी छाया बांधण्याची मेहनत चुकवल्यामुळे आकाराचा उठावही जातो.

खोडरबराविषयी दोन मते आहेत. माझे मत असे, की पहिली चुकीची रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी काढण्याची मुभा मुलाला द्यावी. आपण कोठे फसलो हे त्या पहिल्या रेघेवाचून त्याला कळणार नाही.

हे सर्व इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की आपल्या इलाख्यात शालेय चित्रकला आली ती पाहण्याच्या वाटेने आली नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत कलाशाळा काढण्यासाठी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि १८५७ च्या मार्च महिन्यात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या इमारतीत चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. त्या शाळेवर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील सरकारी खात्याच्या शिरस्त्याचा मोठा प्रभाव होता. ते खाते हेन्री कोल याच्या अमलाखाली होते, १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर इंग्रजी कारखान्यांतील मालाची घडण सुधारावी हा त्याचा हेतू होता, आणि त्या खात्याने आखलेल्या तेवीस पायऱ्यांच्या अभ्यासक्रमाचा आरंभ छापील नमुन्यांवरून रेषा व नक्षी गिरवण्यापासून होत असे. विलक्षण योगायोग असा, की त्याच १८५७ साली जॉन रस्किन याने नवशिक्यांसाठी लिहिलेले चित्रकलेचे पुस्तक लंडनमध्ये निघाले आणि त्यात या शिरस्त्याच्या नेमके उलट सांगितले होते: एका लहानशा चौकोनात सारख्या छटेची छाया भरून हात तयार करावा, आणि मग रस्त्यातला एखादा साधा दगड उचलून तो पाहून काढावा. सरकारी खात्याने पत्करला तो नमुना. दगड इंग्लंडातच राहिला.

रस्किनचे सगळेच मात्र ग्राह्य धरता येत नाही. चित्रकाराने बालकाच्या निष्पाप डोळ्याने पाहावे, म्हणजे वस्तूचे ज्ञान मध्ये येऊ न देता केवळ रंगांचे डाग पाहावेत, असा त्याचा आग्रह होता. ज्याने मुलांचा वर्ग घेतला आहे, तो हे वाचून हसेल. मुलाचा डोळा निष्पाप तर नाहीच, उलट तो ज्ञानाने इतका भारलेला असतो, की तांब्याचा तळ त्याला दिसतच नाही. निष्पाप दृष्टी असलीच, तर ती कमवावी लागते.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ज्या ग्रेड परीक्षा महाराष्ट्राचे कला संचालनालय आज घेते, त्यांची परंपराही त्या जुन्या काळापर्यंत मागे जाते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे विषय पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे आहेत, आणि खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या हाती चांगला कागद व मऊ पेन्सिल प्रथम आली ती या परीक्षांमुळेच, हे ऋण कबूल केलेच पाहिजे. परंतु दहावीच्या गुणपत्रिकेत त्यांचे वाढीव गुण धरले जाऊ लागल्यापासून शिकवणीच्या वर्गांनी स्मरणचित्रासाठी तयार माणसे पुरवण्याचा धंदा आरंभिला आहे. हंडा घेतलेली पाठमोरी बाई, फुगेवाला आणि सायकलवरचा मुलगा, एवढे तिघे घोटून पाठ केले की बाजार, जत्रा, बसस्थानक, वाटेल तो प्रसंग निभावतो. नमुना छापील होता तो आता तोंडपाठ झाला आहे, इतकेच.

आता अमूर्त चित्राकडे वळू. त्याचा अभ्यासक्रम सर्वांत नेटकेपणाने कोणी बांधला असेल, तर तो वासिली कान्डिन्स्की याने, जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत. ती शाळा १९१९ साली वायमार येथे स्थापन झाली, कान्डिन्स्की तेथे १९२२ साली रुजू झाला आणि १९३३ साली शाळा बंद होईपर्यंत शिकवीत राहिला. ज्याच्या नावावर अमूर्त चित्रकलेचे आद्य श्रेय जमा केले जाते, तो गृहस्थ विद्यार्थ्यांपुढे खुर्च्या, टोपल्या, कापडे असली घरगुती अडगळ मांडून ती पाहून काढावयास लावीत असे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. प्रथम त्या मांडणीचा ढोबळ सांगाडा काढावयाचा. मग तिच्यातील ताण, म्हणजे कोणती रेषा कोठे ढकलते, कोणते वजन तिला अडवते, हे शोधून तेवढेच ठळक करावयाचे. आणि शेवटी वस्तू वगळून केवळ त्या ताणांचे चित्र ठेवावयाचे. वस्तूपासून अमूर्तापर्यंतचा हा रस्ता पायऱ्यापायऱ्यांनी चढता येतो, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही तो चढता येतो.

आपल्या वर्गात त्यासाठी एक सूप, एक जुनी छत्री आणि तोच तांब्या पुरे. सूप भिंतीला टेकवून उभे करावे, छत्री त्याच्यावर तिरकी ठेवावी, आणि छत्रीचे टोक जेथे जमिनीला टेकते तेथे तांब्या असा ठेवावा, की तो नसता तर छत्री घसरली असती असे वाटावे. पहिल्या कागदावर मुलांनी ही मांडणी सरळपणे पाहून काढावी, आणि सूप व छत्री यांच्यामध्ये उरलेली त्रिकोणी रिकामी जागा हीदेखील एक वस्तूच आहे असे धरून तिचाही आकार तपासून पाहावा. दुसऱ्या कागदावर केवळ सात रेषांची परवानगी. ही मर्यादा जाचक वाटते खरी. परंतु ती नसली, तर मुले सुपाची वीण भरू लागतात, छत्रीच्या काड्या मोजू लागतात आणि ताण बाजूला राहतो. सात रेषांत मुलाला निवाडा करावाच लागतो: छत्रीच्या उताराला एक रेषा लागणारच, तांब्याच्या पोटाच्या फुगवट्याला कदाचित दोन, सुपाच्या वरच्या कमानीला एक, आणि मग उरलेल्या तीन कोणाला द्यावयाच्या यावर वर्गात जी भांडणे जुंपतात, त्या भांडणांत रचनाशास्त्राचे बरेचसे शिक्षण होऊन जाते. तिसऱ्या कागदाच्या वेळी वस्तू उचलून कपाटात ठेवाव्यात. आता समोर काही नाही, हाताशी फक्त दुसरा कागद आहे. त्यातला उतार अधिक तीव्र करावा की सौम्य, वजन खाली ठेवावे की कोपऱ्यात सरकवावे, रेषा जाड करावी की तुटक, हे सर्व मुलाच्या मर्जीवर. पुष्कळांचे तिसरे चित्र फसते. ज्यांचे साधते, त्यांच्या कागदावर छत्रीचा मागमूसही नसतो, आणि तरीही काहीतरी घसरू पाहत आहे व कोणीतरी ते अडवून धरले आहे, असे पाहणाऱ्याला वाटत राहते.

याउलट एक फार लोकप्रिय झालेला पाठ आहे, तो मला निरुपयोगी वाटतो. मुलांना डोळे मिटावयास सांगतात आणि मग ‘राग काढा’, ‘आनंद काढा’ असे फर्मान सुटते. परिणाम ठरलेला: रागाला विजेसारख्या टोकदार नागमोडी रेघा, आनंदाला गोल वेटोळी आणि मध्ये कोठेतरी सूर्य. यात मुलाने काही सोडलेले नसते आणि काही पाहिलेलेही नसते. फुगेवाला जसा तयार मिळाला होता, तसा रागही तयार मिळाला, एवढाच फरक. त्याऐवजी पातळ कागदाखाली रुपयाचे नाणे, सुपाची पाठ किंवा बाकाचे जुने लाकूड ठेवून वरून मऊ पेन्सिल फिरवावी. माक्स एर्न्स्ट याने १९२५ साली समुद्रकाठच्या एका खोलीतील फळ्यांच्या जमिनीवरून असे ठसे घेऊन त्यांतून स्वतंत्र चित्रे उभी केली होती. ठशात निदान लाकूड तरी खरे असते.

भारतीय उदाहरण हवे असेल, तर नसरीन मोहम्मदी हिच्याकडे पाहावे. १९३७ साली कराचीत जन्मलेली, मुंबईत वाढलेली आणि १९७० नंतर बडोद्याच्या विद्यापीठात आयुष्याच्या अखेरीपर्यंत शिकवीत राहिलेली ही चित्रकर्ती १९९० साली निवर्तली. पेन्सिल, शाई आणि आरेखनाची उपकरणे यांनी काढलेल्या तिच्या चित्रांत वस्तू अशी एकही नाही, फक्त रेषा आहेत, क्वचित केसासारख्या बारीक, क्वचित मध्येच विरणाऱ्या. परंतु तिने स्वतःपुरती काढलेली छायाचित्रे पाहिली, म्हणजे समुद्रकाठची ओली वाळू, रस्त्यावरचे पट्टे, इमारतींच्या कडा आणि त्यांच्या लांब सावल्या यांकडे ती किती बारकाईने पाहत होती हे ध्यानात येते. मोठ्या मुलांच्या वर्गात ही चित्रे आणि छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत, आणि त्यांचा परस्परसंबंध सांगण्याची घाई करू नये.

अडचण येते ती गुण देताना. वस्तुचित्राला गुण देणे सोपे, कारण तांब्या समोर असतो. अमूर्त चित्र आले, की काही परीक्षक सर्वांना सरसकट सारखे गुण देऊन मोकळे होतात आणि काही जण सर्वांत नीटनेटका कागद पहिला लावतात. मी असे सुचवीन, की तिन्ही कागद एकत्र टाचून तपासावेत, आणि गुण तिसऱ्या कागदाला न देता पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतच्या वाटचालीला द्यावेत. तिसऱ्यातील एखादी रेषा पहिल्यात कोठेच सापडत नसेल, तर गुण कापण्यापूर्वी मुलाला बोलावून ती कोठून आली ते विचारावे. पुष्कळ वेळा ते मूल पहिल्या कागदावर बोट ठेवून, आपल्या नजरेतून निसटलेली एखादी सावली दाखवते. त्याला ती सापडली नाही, तर मात्र खुशाल गुण कापावेत. आणि वेळ असेल तर सूप, छत्री व तांब्या पुन्हा कपाटातून काढून पाटावर मांडावेत.